मूर्ती लहान, तलवार केवढी?

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'सारख्या भूमिका-खेळांत ठेंगण्या पात्रांनी कोणते शस्त्र वापरावे, याचे नियम गेल्या ५० वर्षांत अनेकदा बदलले. या बदलांचा आणि त्यांमागील तर्काचा हा आढावा.

जे. आर. आर. टॉल्किन यांच्या 'द हॉबिट' (१९३७) या कादंबरीत बिल्बो बॅगिन्स या ठेंगण्या नायकाला ट्रोल नावाच्या राक्षसांच्या गुहेत एक पाते सापडते. धिप्पाड ट्रोलच्या लेखी ती खिशातली सुरी. बिल्बोच्या हाती मात्र तीच चांगली तलवार ठरते. शस्त्र तेच, पण धरणारा हात बदलला की त्याची योग्यता बदलते. कादंबरीत हा मुद्दा ओघात येऊन जातो. टेबलावर खेळल्या जाणाऱ्या खेळात तो इतक्या सहजी सुटत नाही. तेथे तलवारीचा घाव आकड्यांत मोजला जातो आणि बुटक्या वीराची तलवार माणसाच्या तलवारीइतकीच इजा करील काय, याचे उत्तर नियमपुस्तिकेला द्यावेच लागते.

फाशांचा हिशेब

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो. कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक, कोणी चोर. एक जण सूत्रधार होऊन कथा पुढे नेतो. आजच्या पद्धतीत हल्ला लागला की चुकला, हे २० बाजूंच्या फाशावर ठरते. लागल्यास शस्त्रागणिक वेगळा फासा टाकला जातो आणि त्यावरचा आकडा शत्रूच्या जीवनगुणांतून वजा होतो. लांब तलवारीला ८ बाजूंचा फासा, आखूड तलवारीला ६ बाजूंचा, कट्यारीला ४ बाजूंचा. त्यांची सरासरी अनुक्रमे ४.५, ३.५ आणि २.५ येते. दुहाती तलवारीला ६ बाजूंचे दोन फासे मिळतात, सरासरी ७.

या खेळातील सर्वांत परिचित ठेंगणे पात्र म्हणजे 'हाफलिंग'. सुरुवातीला त्याचे नाव 'हॉबिट' असेच होते. टॉल्किन यांच्या साहित्याच्या हक्कधारकांनी आक्षेप घेतल्यानंतर ते बदलण्यात आले. हाफलिंग आणि 'नोम' यांची गणना नियमांत 'लहान' आकारात होते, तर माणूस 'मध्यम' आणि ओगर राक्षस 'मोठा' मानला जातो.

१९७४ च्या मूळ पुस्तिकेत कट्यार असो वा दुहाती तलवार, इजेसाठी ६ बाजूंचा एकच फासा होता. त्यामुळे वादाला जागाच नव्हती. १९७५ च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीने शस्त्रांना वेगवेगळे फासे दिले आणि मोठ्या शस्त्राला मोल आले. १९८१ च्या 'बेसिक' संचाने सरळ बंदीचा मार्ग पत्करला. हाफलिंगने आपल्या उंचीला बेतलेली शस्त्रे वापरावीत. दुहाती तलवार आणि लांब धनुष्य त्याला वर्ज्य. ड्वार्फ या बुटक्या, पण दणकट जमातीलाही हीच दोन शस्त्रे नाकारण्यात आली होती.

शस्त्राला आकार

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीने बंदीऐवजी मोजमाप आणले. शस्त्रांचेही लहान, मध्यम आणि मोठे असे वर्ग केले गेले. २००० मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने काढलेल्या तिसऱ्या आवृत्तीत हा विचार अधिक नेटका झाला. कट्यार अतिलहान, आखूड तलवार लहान, लांब तलवार मध्यम आणि दुहाती तलवार मोठी. शस्त्र धरणाऱ्याच्याच आकाराचे असेल, तर ते एका हाताने पेलते. एक पायरी मोठे असेल, तर दोन्ही हात लागतात. त्याहून मोठे असेल, तर वापरताच येत नाही.

म्हणजे माणूस जी लांब तलवार एका हाताने चालवतो, ती हाफलिंगला दोन्ही हातांनी धरावी लागे. पण इजेचा फासा ८ बाजूंचाच राही. बिल्बोच्या पात्याचा न्याय तो हाच. गुहेत सापडलेली तलवार चमूतील कोणालाही, आपापल्या परीने, उपयोगी पडे.

मापाची तलवार

२००३ मध्ये आलेल्या साडेतीनाव्या आवृत्तीने हा न्याय मोडीत काढला. आक्षेप मुठीचा होता. माणसाच्या तळव्यासाठी घडवलेली मूठ तीन फुटी हाफलिंगच्या पकडीत नीट बसणार कशी? क्रिकेटच्या बॅटी मुलांच्या उंचीनुसार वेगवेगळ्या मापांत मिळतात, तसेच प्रत्येक शस्त्र आता प्रत्येक मापात मिळू लागले. लहान मापाच्या लांब तलवारीला ६ बाजूंचा फासा, आखूड तलवारीला ४ बाजूंचा आणि दुहाती तलवारीला १० बाजूंचा एक फासा ठरला. किंमत तीच, वजन निम्मे. दुसऱ्याच्या मापाचे शस्त्र उचलल्यास मापातील दर पायरीमागे हल्ल्याच्या फाशातून २ वजा. शिवाय एका हाताच्या शस्त्राला दोन हात लागणार, हेही कायम राहिले.

हे सारे वास्तवाच्या नावाखाली झाले. प्रत्यक्षात मात्र ती तडजोडच होती. त्या पुस्तिकेनुसार हाफलिंगची उंची सुमारे ३ फूट आणि वजन ३० ते ३५ पौंड, म्हणजे साधारण १४ ते १६ किलो. सहा फुटी माणसाच्या तलवारीची लांबी, रुंदी आणि जाडी तिन्ही निम्मी केली, तर वजन आठव्या हिश्श्यावर येते. नियमाने ते निम्म्यावरच थांबवले. भूमितीशी प्रामाणिक राहिले असते, तर हाफलिंगच्या तलवारीत फारसा दम उरला नसता आणि ते पात्र घेण्यास कोणी धजावले नसते.

तडजोडीतून विसंगतीही निर्माण झाल्या. माणसाची आखूड तलवार आणि हाफलिंगची लांब तलवार, दोन्ही हाफलिंग एका हाताने धरू शकतो आणि दोन्हींना ६ बाजूंचा फासा आहे. तरीही पहिली उचलल्यास २ गुणांचा दंड, दुसरीला काहीच नाही. लहान आकारामुळे मिळणारा १ गुणाचा लाभ धरला, तरी दंड पुरता फिटत नाही.

झळ कोणाला?

नुकसान सर्वांना सारखे झाले नाही. चोराच्या भूमिकेतील पात्र बेसावध शत्रूवर वार करते, तेव्हा त्याला जादा फासे मिळतात आणि त्यांचा आकाराशी संबंध नसतो. पाचव्या पातळीवर असे ६ बाजूंचे तीन फासे मिळतात, म्हणजे सरासरी १०.५. आखूड तलवारीसह माणसाची सरासरी १४, हाफलिंगची १३. एवढा फरक खेळाडूला जाणवतही नाही.

योद्ध्याचे तसे नाही. त्याची सारी भिस्त शस्त्रावर. त्या आवृत्तीतील साध्या गोब्लिनला सरासरी ५ जीवनगुण असतात. ताकदीचा लाभ बाजूला ठेवून केवळ फासे पाहिले, तर दुहाती तलवारीने ५ किंवा अधिक इजा होण्याची शक्यता माणसासाठी ८३ टक्के आणि हाफलिंगसाठी ६० टक्के येते. हाफलिंगच्या ताकदीतून मुळातच २ गुण वजा होत असत, ते वेगळेच.

खरी कुचंबणा लुटीच्या वाटणीत होई. जादूची वस्त्रे बहुधा परिधान करणाऱ्याच्या मापाची होत. जादूची तलवार होत नसे. शत्रू मध्यम आकाराचा असला, की त्याची तलवार आपसूक चमूतील माणसाकडे जाई आणि हाफलिंग योद्धा रिकाम्या हाती राही. सूत्रधाराने मुद्दाम त्याच्या मापाचे शस्त्र कथेत पेरले, तरच त्याचे नशीब उघडे. २००९ च्या 'पाथफाइंडर' या खेळाने हीच पद्धत पुढे चालवली.

आकाराकडून ताकदीकडे

२००८ च्या चौथ्या आवृत्तीने मापांचे तक्ते गुंडाळले. शस्त्रे सर्वांसाठी एक झाली. मात्र दुहाती शस्त्रे, काही अपवाद सोडता, लहान पात्रांना पुन्हा वर्ज्य ठरली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत हाफलिंगची लांब तलवार माणसाच्या तलवारीइतकीच, ८ बाजूंच्या फाशाची झाली. अट उरली ती फक्त 'जड' शस्त्रांपुरती. दुहाती तलवार, मोठी कुऱ्हाड किंवा लांब धनुष्य घेतल्यास लहान पात्राने २० बाजूंचा फासा दोनदा टाकायचा आणि कमी आकडा धरायचा. त्यामुळे फाशाची सरासरी १०.५ वरून सुमारे ७ वर उतरते. 'पाथफाइंडर'च्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीने तर लहान आणि मध्यम यांच्या शस्त्रांतील भेदच पुसून टाकला.

२०२४ च्या सुधारित पुस्तिकेत हा प्रवास आणखी पुढे गेला. जड शस्त्राचा दंड आता उंची पाहून लागत नाही. हातघाईच्या शस्त्रासाठी ताकद १३ पेक्षा कमी असेल, किंवा दुरून मारा करण्याच्या शस्त्रासाठी चापल्य १३ पेक्षा कमी असेल, तरच तो लागू होतो. अंगात बळ असलेला हाफलिंग दुहाती तलवार बेधडक पेलू शकतो आणि दुबळ्या माणसाला तीच तलवार जड जाते.

टीकाकारांच्या मते यात वास्तवाचा बळी गेला. तीन फुटी वीराने पाच फुटी तलवार फिरवावी, हे चित्र अनेकांना पटत नाही. समर्थकांचे उत्तर असे की, ड्रॅगन आग ओकतो तेथे मुठीच्या जाडीवर अडून बसण्यात अर्थ नाही. आवडीचे पात्र निवडल्याचा दंड खेळाडूने दर लढाईत का भरावा? दोन्ही बाजूंत तथ्य आहे आणि जुन्या आवृत्त्या खेळणारे गट आजही आहेत. म्हणूनच हाफलिंग योद्धा निवडणाऱ्याने पहिल्याच बैठकीत सूत्रधाराला दोन गोष्टी विचाराव्यात: नियम कोणत्या आवृत्तीचे आणि लुटीतली तलवार कोणाच्या मापाची? त्यांच्या उत्तरांवर त्या पात्राची पुढची सारी वाटचाल ठरते.