आजाऱ्याची खाट आणि सरकारची नजर

मनुष्य आजारी पडला म्हणजे पूर्वीं वैद्य त्याच्या घरीं येई. रोग्याची खाट घरांतच असे. उशाशीं आई, पायथ्याशीं पत्नी, दारांत शेजारी. औषध कोणीं उगाळलें, पाणी कोठून आणलें, पांघरूण कधीं बदललें, हें सर्व घरच्यांच्या डोळ्यांदेखत चाले. वैद्याच्या विद्येची परीक्षा त्यांना करतां येत नसे हें खरें. परंतु तो जें कांहीं करी तें त्यांच्याच छपराखालीं करी. विसाव्या शतकांत ही खाट घरांतून उचलली गेली आणि डॉक्टरच्या वास्तूंत जाऊन पडली. शस्त्रक्रिया, अवघड बाळंतपण, क्ष-किरण, प्राणवायूचा पुरवठा या गोष्टी घरीं होण्यासारख्या राहिल्या नाहींत. पण खाट हलली तशी घरच्यांची नजर तिच्याबरोबर आंत गेली नाहीं. ती दाराशींच थांबली. त्या दारापलीकडे पाहण्याचा अधिकार कोणाला असावा, हा प्रश्न तेव्हांपासूनचा आहे. तो अधिकार कायद्यानें कसा निर्माण केला, पुढें तो कोठें निजून राहिला, आणि नांदेड जिल्ह्यांतील उमरीसारख्या गांवापर्यंत पोहोंचावयास त्याला अर्धें शतक कां लागलें, हा इतिहास जाणून घेण्याजोगा आहे.

समाजानें प्रथम तपासणी केली ती माणसाची, वास्तूची नव्हे. इंग्लंडांत 1858 च्या कायद्यानें डॉक्टरांची नोंदवही सुरू झाली. मुंबई इलाख्यांत 1912 सालीं वैद्यक कायदा झाला आणि नोंदणीसाठीं मंडळ स्थापन झालें. हिंदुस्थानांत अशा प्रकारचें हें पहिलें पाऊल होतें. वैद्य आणि हकीम यांच्या नोंदणीची व्यवस्था मुंबईंत 1938 च्या कायद्यानें झाली. या नोंदवह्यांमुळें एवढें कळूं लागलें कीं, अमुक मनुष्यानें अमुक विद्या घेतली आहे व तो बनावट नाहीं. हा लाभ लहान नव्हता. परंतु तोच विद्वान गृहस्थ आपले रोगी कोणत्या खोलींत ठेवतो, रात्रीं त्यांच्याजवळ शिकलेली परिचारिका असते कीं नुसता झाडूवाला, जिना अरुंद असला तर आगीच्या वेळीं रोगी कोठून बाहेर काढावयाचे, याविषयीं नोंदवहींत एक अक्षरही नसे.

हा उणेपणा प्रथम लंडनसारख्या शहरांत जाणवला. तेथें राहत्या घरांतच खाजगी शुश्रूषागृहें निघूं लागलीं होतीं. श्रीमंत व मध्यम स्थितींतील लोक धर्मार्थ इस्पितळांत जाण्याऐवजीं पैसे मोजून तेथें राहूं लागले. पण पैसे मोजल्यानें स्वच्छता विकत मिळतेच असें नाहीं. पार्लमेंटच्या समितीनें 1926 सालीं या प्रश्नाची चौकशी केली आणि 1927 सालीं शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा झाला. त्यानें आरोग्याधिकाऱ्याला खाजगी शुश्रूषागृहांत जाऊन पाहणी करण्याचा अधिकार दिला. इंग्रज माणसाला आपलें घर म्हणजे किल्ला वाटतो. त्या देशांत डॉक्टरच्या घराचें दार सरकारी अधिकाऱ्यासाठीं उघडावें लागलें, यावरून गरज किती निकडीची होती तें दिसतें.

स्वातंत्र्यानंतर दोनच वर्षांत मुंबई प्रांतानें हेंच तत्त्व स्वीकारलें. 1949 चा पंधरावा कायदा हा मुंबईचा शुश्रूषागृह नोंदणी कायदा होय. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. आजारी, जखमी किंवा दुर्बल माणसांना ठेवून घेऊन जेथें उपचार व शुश्रूषा केली जाते तें शुश्रूषागृह, आणि प्रसूतिगृहही त्यांतच आलें. असें गृह नोंदणीवांचून चालवावयाचें नाहीं. अर्जदार अयोग्य असला, देखरेखीला पात्र मनुष्य नसला, परिचारिका पुरेशा नसल्या किंवा जागा व साहित्य त्या कामास नालायक असलें, तर नोंदणी नाकारतां येते. दिलेली नोंदणी रद्दही करतां येते, मात्र तत्पूर्वीं मालकाचें म्हणणें ऐकलें पाहिजे. आरोग्याधिकाऱ्यानें आंत जावें, खोल्या व नोंदवह्या पाहाव्या. पण कोणाही रोग्याच्या आजाराचे कागद त्यानें उघडूं नयेत. ही शेवटची अट फार महत्त्वाची आहे. सरकारची नजर भिंतीवर, जमिनीवर, साहित्यावर आणि सेवकवर्गावर पडावी. रोगी व डॉक्टर यांच्यांतील विश्वासावर तिनें पाय देऊं नये, असा तोल त्या काळच्या कायदेकारांनीं साधला.

ज्या काळांत मुंबईंत हा विचार चालला होता, त्या काळांत उमरी दुसऱ्याच राज्यांत होती. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील हें गांव निजामाच्या मुलुखांत मोडे. हैद्राबाद मुक्तिसंग्रामाच्या इतिहासांत त्याचें नांव आलें तें 30 जानेवारी 1948 रोजीं स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनीं तेथील बँकेवर घातलेल्या छाप्यामुळें. त्याच वर्षीं सप्टेंबरच्या 17 तारखेस निजामी राजवट संपली. 1 नोव्हेंबर 1956 रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला आणि 1 मे 1960 रोजीं महाराष्ट्राचा भाग झाला. नकाशा बदलला, शाळांतील पुस्तकें बदललीं. परंतु 1949 चा हा कायदा उमरीस आला नाहीं. तो पहिलीं कित्येक वर्षें मुंबई, पुणें, सोलापूर अशा मोजक्या नगरांबाहेर गेलाच नाहीं. खाजगी रुग्णालय ही मोठ्या शहराची गोष्ट, खेड्यांत सरकारी दवाखाना पुरे, असा त्यामागचा समज असावा.

माणसांच्या नोंदणीचे कायदे मात्र सर्व राज्यासाठीं एक झाले. आयुर्वेद व युनानी पद्धतींच्या चिकित्सकांसाठीं 1961 चा आणि ॲलोपॅथीच्या डॉक्टरांसाठीं 1965 चा कायदा झाला. पण रुग्णालयाच्या इमारतीचा प्रश्न जेथल्या तेथें राहिला. आणि तेवढ्यांत परिस्थिति पालटली. औरंगाबादेस 1956 सालीं व नांदेडला 1988 सालीं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालें. तेथून व इतर ठिकाणांहून शिकून आलेले तरुण डॉक्टर तालुक्याच्या गांवीं बसूं लागले. बाजारपेठेच्या रस्त्यावर, खालीं औषधाचें दुकान व वर दहा-पंधरा खाटा, अशीं रुग्णालयें मराठवाड्यांत सर्वत्र दिसूं लागलीं. त्यांनीं लोकांची मोठी सोय केली, याबद्दल दुमत नाहीं. अडलेल्या बाळंतिणीला रात्रीं गाडीची वाट पाहत ताटकळावें लागूं नये, हें लहान पुण्य नव्हे. परंतु मुंबईच्या रुग्णालयांत जें पाहण्याचा अधिकार सरकारनें 1949 सालीं घेतला, तें पाहावयास येथें कोणी येत नव्हतें.

मुंबईंत तरी कोणी येत होतें काय? या प्रश्नाचें उत्तर उच्च न्यायालयांत मिळालें. एका रुग्णाच्या मृत्यूनंतर त्याच्या आप्तानें 1990 च्या सुमारास याचिका दाखल केली. कायदा चाळीस वर्षांचा असूनही त्याचा अंमल धडपणें होत नाहीं, ही गोष्ट त्यांतून उजेडांत आली. देखरेखीसाठीं न्यायालयाला समिति नेमावी लागली. त्या प्रकरणाच्या अनुषंगानें संशोधक सुनील नंदराज यांनीं मुंबईच्या पूर्व भागांतील 24 खाजगी रुग्णालयांची पाहणी केली. त्यांतील अनेक राहत्या इमारतींत होतीं, जागा अपुरी होती आणि शिकलेल्या परिचारिकांची वाण होती. लंडनच्या लोकांना 1926 सालीं जें खटकलें, तेंच मुंबईंत, आणि तेंही कायदा हातीं असतांना, आढळावें, यांत मोठा धडा आहे. अधिकार कागदावर लिहून ठेवल्यानें नजर उत्पन्न होत नाहीं. पाहणारा मनुष्य नेमावा लागतो, त्याला वेळ व वेतन द्यावें लागतें, आणि त्यानें काय पाहिलें हें कोणी तरी विचारावें लागतें.

दरम्यान विज्ञानानें रुग्णालयांत नवीं यंत्रें आणलीं आणि प्रत्येक यंत्रामागून एकेक तपासनीस आला. क्ष-किरणांसाठीं 1983 सालीं स्थापन झालेलें अणुऊर्जा नियामक मंडळ; कचऱ्यासाठीं 1998 चे व पुढें 2016 चे नियम; आगीसाठीं 2006 चा राज्याचा कायदा. रक्तानें माखलेला बोळा पिवळ्या पिशवींत, सलाईनची नळी तांबड्या पिशवींत, सुई न भोंसकणाऱ्या पांढऱ्या डब्यांत आणि कांच निळ्या खोक्यांत टाकावयाची, हा नियम वरवर पाहतां क्षुल्लक वाटतो. परंतु उकिरड्यावर अनवाणी फिरणाऱ्या पोराच्या पायांत ती सुई जाते तेव्हां त्याचें मर्म कळतें. तपासणी केवळ खाटेवरच्या रोग्यासाठीं नसते. रुग्णालयाच्या भिंतीबाहेरच्या माणसासाठींही असते.

आणि कधीं कधीं ती अद्याप जन्मास न आलेल्या जिवासाठीं असते. गर्भाचें लिंग पाहून मुली नाहींशा करण्याच्या प्रकाराविरुद्ध देशांतील पहिला कायदा महाराष्ट्रानें 1988 सालीं केला. केंद्राचा कायदा 1994 सालीं झाला. तरीही 2011 च्या जनगणनेंत मराठवाड्यांतील बीड जिल्ह्यांत सहा वर्षांखालील हजार मुलांमागें 807 च मुली आढळल्या. राज्यांतील हें सर्वांत कमी प्रमाण होतें. सोनोग्राफीच्या केंद्रांत जाऊन नोंदी ताडून पाहणें आणि दोष दिसल्यास यंत्रास मोहोर लावणें, हें काम त्यानंतर अधिक कडकपणें होऊं लागलें. डॉक्टरांनीं तक्रार केली कीं, अर्जांतील एखादा रकाना कोरा राहिला म्हणून आम्हांस गुन्हेगारांच्या पंगतीस बसवितात. या वादाचा निकाल सर्वोच्च न्यायालयानें 3 मे 2019 रोजीं दिला: या कायद्यांत नोंद हाच पुरावा आहे, म्हणून नोंद अपुरी ठेवणें ही नुसती लेखनिकाची चूक समजतां येत नाहीं.

शुश्रूषागृहांचा जुना कायदा सर्व राज्याला लागू झाला तो 2005 सालच्या दुरुस्तीनें. महापालिका नाहीं तेथें जिल्हा शल्यचिकित्सक व जिल्हा आरोग्य अधिकारी यांच्या यंत्रणेकडे काम आलें. तेव्हां कोठें उमरीच्या रुग्णालयालाही तेंच प्रमाणपत्र घ्यावें लागलें, जें मुंबईच्या रुग्णालयाला 1949 पासून घेणें भाग होतें. पुढें जानेवारी 2021 मध्यें या कायद्याखालील नियम सुधारण्यांत आले. रुग्णांच्या हक्कांची सनद व उपचारांचे दर दर्शनी भागीं लावणें त्यांत बंधनकारक झालें.

त्याच 2021 सालानें तपासणीचें महत्त्व फार कठोर रीतीनें शिकविलें. 9 जानेवारीस भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयांत नवजात अर्भकांच्या कक्षांत आग लागून दहा बालकें गेलीं. 23 एप्रिलच्या पहाटे विरारच्या एका खाजगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागांत आग लागून त्या दिवशीं 13 रुग्ण दगावले. एक घर सरकारचें, दुसरें खाजगी. धूर दोहोंकडे सारखाच. खाजगी डॉक्टरांचा जो आक्षेप असतो कीं, सरकार आमच्या भिंती मोजतें, स्वतःच्या कोण मोजणार, तो अशा वेळीं खोटा ठरवितां येत नाहीं. शुश्रूषागृहांच्या मूळ कायद्यानें सरकारी रुग्णालयांना आपल्या कक्षेबाहेरच ठेवलें होतें. ज्याला दुसऱ्याचें दार उघडावयाचें आहे त्यानें आपलें दारही उघडें ठेवावें, हा न्याय आहे.

दुसराही आक्षेप विचारांत घेण्याजोगा आहे. दहा खाटांचें रुग्णालय चालविणाऱ्या डॉक्टरला नोंदणी, आग, कचरा, क्ष-किरण आणि सोनोग्राफी यांचे निरनिराळे दाखले ठेवावे लागतात. त्यांच्या मुदती वेगळ्या, कचेऱ्या वेगळ्या. मोठ्या शहरांतील रुग्णालय यासाठीं कारकून नेमतें. तालुक्यांतील डॉक्टर दुपारची झोप मोडून जिल्ह्याला जातो. तपासनीस आला आणि कागदच पाहून गेला, तर डॉक्टरही कागदच सांभाळावयास शिकतो. म्हणून तपासणी एकत्र व्हावी, आधीं दोष दाखवून सुधारण्यास मुदत द्यावी, आणि दंड शेवटीं यावा, अशी मागणी रास्त आहे. परंतु तपासणीच नको, हें म्हणणें रास्त नाहीं. उत्तम डॉक्टरला तपासणीचें भय नसतें. उलट, ज्यानें परिचारिकेस योग्य वेतन दिलें, जिना मोकळा ठेवला आणि शस्त्रें नीट निर्जंतुक केलीं, त्याला शेजारच्या निष्काळजी स्पर्धकापासून वांचविणारी तीच एक गोष्ट आहे.

एक क्षेत्र अजून उघडें आहे. जेथें खाट नाहीं, केवळ टेबल, खुर्ची आणि पडद्यामागें सुई टोंचण्याची जागा आहे, असा दवाखाना शुश्रूषागृहाच्या व्याख्येंत बसत नाहीं. तेथें डॉक्टरच्या नांवाची नोंद पाहतां येते; जागेसाठीं तशी नोंदणी नाहीं. खेड्यांतील बहुसंख्य आजारी माणसें प्रथम जातात तीं अशाच ठिकाणीं. 1912 पासून मनुष्य तपासला गेला, 1949 पासून खाट तपासली गेली. ही तिसरी पायरी अजून चढावयाची आहे.

तोंवर नागरिकाच्या हातीं कांहींच नाहीं असें मात्र नव्हे. नोंदणीचें प्रमाणपत्र, दरांचा फलक आणि हक्कांची सनद या गोष्टी भिंतीवर लावण्यासाठींच आहेत, आणि भिंतीवरचा कागद वाचण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं. रोग्याला आंत नेतांना आप्तांनीं त्या कागदावर नजर टाकावी, त्याची मुदत पाहावी, बाहेर पडण्याचा दुसरा दरवाजा कोठें आहे तें विचारावें. यांत डॉक्टरचा अपमान नाहीं. तपासनीस वर्षांतून एखाद्या वेळीं येईल. रोग्याचे आप्त रोज येतात. खाट परक्या घरांत गेली म्हणून दाराशीं थांबलेली घरच्यांची नजर पुन्हां आंत नेण्याचा मार्ग कायद्यानें मोकळा करून ठेवला आहे; त्या मार्गानें जाणें हें ज्याच्या त्याच्या हातीं आहे.