निशादीप्त मेघ आणि ओटो येसे यांची छायाचित्रे

ऑगस्ट १८८३ मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि त्यानंतर युरोपातील निरीक्षक संध्याप्रकाश अधिक बारकाईने न्याहाळू लागले. जून १८८५ मध्ये बॅकहाउस, मॉस्कोचे त्सेरास्की व बर्लिनचे ओटो येसे यांनी उत्तर क्षितिजावरील रुपेरी-निळसर ढगांची स्वतंत्रपणे नोंद केली. हे मेघ त्यापूर्वी नव्हतेच, की कोणी त्यांची दखल घेतली नाही? साधनांतील मौनाचा अर्थ कसा लावावा, हा इतिहासाच्या अभ्यासकाला परिचित असलेला पेच येथेही उभा राहतो. त्सेरास्की पूर्वीपासून संधिप्रकाशातील आकाशाचे निरीक्षण करीत असत. त्यामुळे त्यांची साक्ष मोलाची ठरते. तथापि एवढ्यावरून ‘नव्हतेच’ असा निष्कर्ष काढणे धाडसाचे वाटते.

येसे यांचे कार्य मात्र नुसत्या साक्षीवर विसंबणारे नव्हते. १८८७ मध्ये त्यांनी या मेघांची छायाचित्रे घेतली. पुढे बर्लिन परिसरातील वेगवेगळ्या ठिकाणांहून एकाच वेळी छायाचित्रे काढून, ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर मेघांचे स्थान किती सरकलेले दिसते, यावरून त्यांनी उंची निश्चित केली : सुमारे ८२ किलोमीटर. सूर्य क्षितिजाखाली गेल्यावरही इतक्या उंचीवर त्याचे किरण पोहोचतात, म्हणूनच हे मेघ रात्री उजळतात.

क्राकाटोआशी जोडलेले हे मेघ उद्रेकाचा प्रभाव ओसरल्यावरही नाहीसे झाले नाहीत. ते हिमकणांचे असल्याची पुष्टी उपग्रहीय मापनांतून २००१ मध्ये मिळाली. ‘एम’ या उपग्रहाने २००७ ते २०२३ या काळात त्यांचे निरीक्षण केले. येसे यांनी काढलेला उंचीचा आकडा मात्र जवळपास तसाच टिकला आहे.