फोल्डर-पथाची पडताळणी : एक ऐतिहासिक विवेचन

संशोधनासाठी जमविलेली आकडेवारी एक्सेलच्या तक्त्यांत ठेवावयाची आणि तिची विभागणी मॅक्रोकडून करवून घ्यावयाची, ही पद्धत आता बहुतेक विद्याशाखांत रूढ झाली आहे. नव्या फाइली कोणत्या फोल्डरमध्ये ठेवावयाच्या, हे मॅक्रो वापरणाऱ्यास विचारतो आणि त्याने टंकलेला पथ पुष्कळदा निमूटपणे स्वीकारतो. समजा, ‘डी:\गणना’ असा पथ लिहिला व शेवटची उलटी तिरपी रेघ राहून गेली. मॅक्रो त्यास ‘पुणे’ हे फाइलीचे नाव जोडतो आणि ‘गणनापुणे’ नावाची फाइल गणनेच्या फोल्डरबाहेरच निर्माण होते. चूक झाल्याची सूचना मिळत नाही. फोल्डर मात्र रिकामे राहते. असे प्रमाद टाळण्याचे नियम आपण पाठ करतो. ते कोठून आले हे पाहिले, म्हणजे त्यांचे खरे मोल कळते.

फाइलींची वृक्षासारखी मांडणी डेली व न्यूमन यांनी १९६५ साली मल्टिक्स प्रणालीविषयीच्या निबंधात विशद केली. पुढे युनिक्सने पथाचे भाग वेगळे करण्यासाठी ‘/’ हे चिन्ह योजिले. १९८१ च्या पहिल्या एमएस-डॉसमध्ये मात्र फोल्डरच नव्हते, आणि आज्ञांना पर्याय जोडण्यासाठी ‘/’ हे चिन्ह आधीच खर्ची पडले होते. १९८३ साली दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले, तेव्हा ‘\’ या चिन्हाचा आश्रय घ्यावा लागला. तथापि, प्रणालीच्या अंतर्गत व्यवहारात दोन्ही चिन्हे बहुधा चालतात. म्हणून ‘/’ दिसताच पथ अग्राह्य ठरविण्यापेक्षा त्याचे ‘\’ मध्ये रूपांतर करणे अधिक युक्त होय.

‘कॉन’, ‘पीआरएन’, ‘ऑक्स’, ‘नल’ ही नावे फोल्डरला देऊ नयेत, हा नियमही त्याच काळाचा अवशेष होय. फोल्डर नव्हते तेव्हा ही उपकरणांची नावे कोठूनही वापरता येत. जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून ती पुढे सर्वच फोल्डरांत राखीव राहिली. पथाच्या २६० अक्षरांच्या मर्यादेचेही तसेच. २०१६ साली विंडोज १० मध्ये ती शिथिल झाली. परंतु त्यासाठी प्रणालीत तशी व्यवस्था करावी लागते आणि प्रोग्रॅमनेही तशी तयारी जाहीर करावी लागते.

यावरून सर्व निषिद्ध चिन्हांची व नावांची यादी करून पथ तपासावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु निर्दोष लिहिलेला पथ अस्तित्वात असेलच असे नाही. १९९३ च्या एक्सेल ५ बरोबर व्हीबीए आली, आणि तिच्यातील ‘डिर’ हे फंक्शन या कामी सर्रास वापरले जाऊ लागले. वस्तुतः ते शोध घेण्याचे साधन आहे, पडताळणीचे नव्हे. ते ‘*’ आणि ‘?’ ही चिन्हे ‘कोणतेही अक्षर’ या अर्थाने स्वीकारते, आणि फोल्डर मागितले असताही त्याच नावाची साधी फाइल पुढे करते. तेव्हा त्याचे उत्तर रिकामे नाही, एवढ्यावरून फोल्डर आहे असे सिद्ध होत नाही.

मराठी अभ्यासकांस तर येथे विशेष सावध राहावयास हवे. ‘डिर’ जुन्या अक्षरसंचाच्या आधारे चालते, आणि विंडोजच्या त्या संचांत देवनागरीला स्थान नव्हते. त्यामुळे मराठी नावातील अक्षरांची प्रश्नचिन्हे होऊ शकतात, आणि प्रश्नचिन्ह म्हणजे पुन्हा कोणतेही अक्षर! भलतेच फोल्डर मान्य होण्याचा संभव यातून उद्भवतो. फाइलसिस्टिम ऑब्जेक्टचे ‘फोल्डरएक्झिस्ट्स’ देवनागरी नावे यथास्थित हाताळते आणि फोल्डर आहे किंवा नाही एवढेच सांगते. म्हणून तेच वापरणे श्रेयस्कर.

सारांश, मॅक्रोने प्रथम मागचापुढचा मोकळा अवकाश व अवतरणचिन्हे काढावीत, रेघा एकसारख्या कराव्यात, पथ रिकामा नाही हे पाहावे, फोल्डरच्या अस्तित्वाविषयी प्रणालीलाच विचारावे आणि शेवटची रेघ नसल्यास स्वतः जोडावी. २००१ साली ऑफिस एक्सपीबरोबर फोल्डर निवडण्याची खिडकी मॅक्रोच्या हाती आली, तेव्हा टंकनाचे दोष टळले. पण पथ तक्त्याच्या कप्प्यातून वाचला जात असेल, तर ही तपासणी सुटत नाही.

एवढे करूनही तपासणी आणि लेखन यांच्या दरम्यान पेन ड्राइव्ह काढला जाऊ शकतो किंवा नेटवर्क तुटू शकते. म्हणून लिहितेवेळी येणारी त्रुटी पकडून ती वापरणाऱ्यास स्पष्ट शब्दांत सांगणे, हाही पडताळणीचाच भाग मानला पाहिजे. इतिहासाचा अभ्यासक दस्तऐवज वाचताना त्यातील भाषा शुद्ध आहे एवढ्यावर त्याची सत्यता मानीत नाही. पथाच्या बाबतीतही हाच विवेक इष्ट आहे.