शंखपुष्पी की विष्णुक्रांता?

परवा सकाळी आत्याला घेऊन सेमिनरी हिल्सवर फिरायला गेलो होतो. मुरमाड वाटेच्या कडेला निळे ठिपके दिसले. वाकून बघितलं तर जमिनीलगत पसरलेलं लवदार पानांचं इवलंसं झाड. फूल शर्टाच्या बटणापेक्षाही लहान.

"शंखपुष्पी आहे ही," आत्या म्हणाली. "परीक्षा आली की आई आम्हाला हिची पूड दुधातून द्यायची."

मी म्हटलं, "विष्णुक्रांता." झालं, वाद सुरू!

खरं तर हा वाद आमच्या घरचा नाहीच. शंखपुष्पी या एका नावाखाली वैद्य वेगवेगळ्या वनस्पती वापरत आलेत. आयुर्वेदिक फार्माकोपियाने कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्लुरिकॉलिस धरलीय, दक्षिणेत गोकर्णालाही शंखपुष्पी म्हणतात, आणि या निळ्या फुलालाही कित्येक जण तेच म्हणतात.

विष्णुक्रांता हे नावही काही आजचं नाही. व्हॅन ऱ्हीड या डच अधिकाऱ्याने मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा १२ खंडांचा ग्रंथ काढला (१६७८ ते १६९३). त्याला माहिती पुरवली इट्टी अच्युतन या वैद्याने आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट या तीन कोकणी ब्राह्मणांनी. या तिघांचं नागरी लिपीतलं कोकणी पत्र पहिल्या खंडात छापलंय. अकराव्या खंडात हेच फूल आहे, 'विस्नु-क्लांदी' नावाने. डच कानांनी ऐकलेली आपली विष्णुक्रांताच ती!

पुढे लिनियसने १७५३ साली तिला कॉन्व्हॉल्व्ह्युलसमध्ये टाकलं. म्हणजे गुंडाळत चढणारी. पण ही कशालाच गुंडाळत नाही. १७६२ साली त्याने चूक सुधारली आणि ती झाली इव्हॉल्व्ह्युलस अल्सिनॉइडिस. ओळखायची खूण फुलाच्या आत आहे. पराग झेलणारी काडी कॉन्व्हॉल्व्ह्युलसमध्ये एकच असते, टोकाला दुभंगलेली. इव्हॉल्व्ह्युलसमध्ये काड्या दोन, आणि दोन्हींना दोन-दोन फाटे.

एक फूल घरी आणून भिंगाखाली धरलं. काड्या दोन, फाटे चार. मी जिंकलो!

आत्याने भिंगातून बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "मग आई आम्हाला काय देत होती रे?"

आजीच्या डब्यात नुसती पूड असायची. पुडीत ना काड्या दिसतात ना फाटे. आजी गेली, डबाही गेला. त्या दुधात नक्की कोणती वनस्पती होती हे आता कुठलंच भिंग सांगणार नाही.

असो. तुमच्या घरी अशी एखादी पुडी असेल, तर ती करणारं माणूस आहे तोवर झाड दाखवून घ्या. फुलासकट.