गुणांसाठी गाणे : जपानी कराओकेतील पुरुषस्वर

कोबे शहरातील मद्यालयांत साथ करणारे वादक दाइसुके इनोऊए यांनी १९७१ साली १०० येनचे नाणे टाकून चालणारे साथसंगीताचे यंत्र भाड्याने देण्यास प्रारंभ केला, तेव्हा त्यावर गाणारे बहुतांशी नोकरदार पुरुष असत आणि त्यांच्या गाण्याचे मोल सोबतचे सहकारीच ठरवीत. पुढे हे काम यंत्राकडे गेले. आवाजाची स्वरस्थाने मूळ चालीशी ताडून पाहणारे हे यंत्र स्वरकंपन, खालून सरकत स्वर गाठणारी ‘शाकुरी’ आणि मुरकीसारखी ‘कोबुशी’ यांचीही मोजदाद करू लागले, त्यामुळे गाण्याची निवड हाच एक हिशेब झाला. जपानी पॉपमधील अनेक पुरुषगीते तारसप्तकाकडे झुकलेली असल्याने सामान्य पुरुषाचा गळा तेथे ताणला जातो. मात्र पट्टी उतरवली तर तुलनाही उतरलेल्या चालीशीच होत असल्याने गुण घटत नाहीत, आणि म्हणून संथ लयीची, दीर्घ स्वरांची, मर्यादित पल्ल्याची गाणी गुणार्थींना सोयीची ठरली. अर्थात सोयीचे गाणे श्रवणीय असतेच असे नाही. भावासाठी लय किंचित मागे ओढणे हा ‘एन्का’ या भावगीतप्रकारातील गायकांचा अलंकार. यंत्राला तो दोषच वाटतो. स्वतःच्याच गाण्यावर मूळ गायकाचे गुण कापले गेल्याचे जपानी दूरचित्रवाणीने अनेकदा दाखवले आहे.