पडद्यावरची खरी माणसे

मुंबई दूरदर्शन केंद्राचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढे 'आमची माती, आमची माणसं' या कार्यक्रमातून धोतर-टोपीतला शेतकरी प्रथमच मराठी माणसाच्या दिवाणखान्यात येऊन बसला. तो नट नव्हता. त्याला पेरणी, खत, कीड याविषयी विचारले जाई आणि तो कॅमेऱ्याकडे न पाहता, काहीसा अवघडून उत्तर देई. त्या काळी 'रिअ‍ॅलिटी शो' हा शब्द कोणाच्या कानावर आलेला नव्हता. परंतु खरा माणूस पडद्यावर दाखविण्याचा आमच्याकडचा आरंभ शोधू गेल्यास तो या अवघडलेल्या शेतकऱ्यापाशी सापडतो. बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्यात, आमच्या डोणगावासारख्या गावी, दूरचित्रवाणी संच पोहोचावयास बराच अवधी लागला. संच आला तो एखाद्या घरी, आणि पाहणारे मात्र अवघी आळी. त्या अंगणातली मंडळी शेतकऱ्याच्या बोलीवरून त्याचा मुलूख ओळखीत आणि त्याच्या उत्तरातल्या चुकाही काढीत. पण त्याची कीव करावी किंवा त्याला हसावे असे त्या कार्यक्रमात काही योजलेलेच नसे.

ही गोष्ट आज मुद्दाम नमूद करावीशी वाटते, कारण आता जुने कार्यक्रम पुन्हा पाहण्याची सोय झाली आहे. ज्या कार्यक्रमांनी एके काळी घरेच्या घरे पडद्यासमोर खिळवून ठेवली, ते आजच्या मापाने मोजले असता कसे दिसतात? 'जुने ते सोने' असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्हांस ते तितकेसे खरे वाटत नाही.

झी वाहिनी ऑक्टोबर १९९२ मध्ये आली. १९९३ मध्ये 'अंताक्षरी' आणि १ मे १९९५ रोजी 'सा रे ग म' सुरू झाले. सोनू निगम नावाचा एक कोवळा तरुण निवेदन करी. दूरदर्शननेही १९९६ मध्ये 'मेरी आवाज सुनो' ही स्पर्धा घेतली व तीत बालवयातील सुनिधी चौहान विजयी झाली. आज त्या कार्यक्रमांतला संथपणा प्रथम जाणवतो. गायक येतो, नाव सांगतो, गातो. त्याचे वडील काय करतात, आई आजारी आहे काय, घरावर कर्ज किती, यांपैकी काहीही आपणांस सांगितले जात नाही. परीक्षक सुराविषयी, शब्दोच्चाराविषयी बोलतात. श्रेया घोषाल बालपणी 'सा रे ग म'मध्ये गायली, तेव्हा ज्येष्ठ संगीतकार कल्याणजी परीक्षक होते. त्यांनी तिच्या आईवडिलांना मुंबईस येण्याचा आग्रह केला, ही हकिकत प्रसिद्धच आहे. परीक्षकाचे काम गुरूच्या कामाला लागून होते.

तथापि या सभ्यतेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. त्या मंचापर्यंत पोहोचत कोण होते? ज्यांच्या घरी तानपुरा होता, ज्यांना शिकवणीचा खर्च झेपत होता, मुंबईत उतरावयास ज्यांना नातेवाईक होते, असेच बहुतेक. आत आलेल्याचा मान राखला जाई हे खरे. पण दारच अरुंद होते.

ते दार रुंद झाले २००० सालानंतर. ३ जुलै २००० रोजी 'कौन बनेगा करोडपती' सुरू झाले. मूळ बेत ब्रिटिश, पण त्याने आमच्याकडे एक नवे काम केले: दूरध्वनी असलेल्या कोणालाही त्या खुर्चीची वाट मोकळी झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईचा हर्षवर्धन नवाथे हा स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारा तरुण पहिला कोट्यधीश ठरला. पुढे २०१९ मध्ये आमच्या वऱ्हाडातील, अमरावती जिल्ह्याच्या अंजनगाव सुर्जी येथील बबिता ताडे यांनी एक कोटी रुपये जिंकले. शाळेत मुलांची खिचडी शिजविण्याचे काम त्या करीत. महिना मानधन दीड हजार रुपये. या खेळाविषयी कोणी काही म्हणो, त्या बाईंना तेथे आदराने 'आप' म्हटले गेले आणि त्यांची हुशारी हीच त्यांची ओळख ठरली. वऱ्हाडात त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता.

परंतु दार रुंद करण्याची दुसरी रीतही त्याच सुमारास आली. ऑक्टोबर २००४ मध्ये 'इंडियन आयडॉल' सुरू झाले. शहरोशहरी हजारो मुले रांगा लावू लागली. निवड व्हावयाची मोजक्यांची. मग उरलेल्यांचे काय करावयाचे? त्यांतील जे अगदीच बेसूर, वेडेबागडे, भाबडे, त्यांचे तुकडे निवडून दाखवावयाचे, मागे गमतीचा आवाज जोडावयाचा आणि परीक्षकांनी एकमेकांकडे पाहून हसावयाचे, ही पद्धत परदेशातून जशीच्या तशी आली. आज ते भाग पाहताना सर्वांत अधिक जड जाते ते हेच. उंबरठा ओलांडू दिला, पण उंबरठ्यावरच पाहुण्याची टोपी उडविली. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाने मुलाला अशाच एका चाचणीसाठी दूरच्या शहरी नेले होते. दोन दिवस रांग, अर्धा मिनिट गाणे, एक शेरा. तो मुलगा रविवारच्या मिस्साला गायकवृंदात पुढे उभा राहून गात असे. परत आल्यावर तो बरेच महिने मागच्या बाकावर बसला.

त्या पहिल्या 'इंडियन आयडॉल'चा विजेता मात्र आपला मराठी मुलगा, अभिजित सावंत. मार्च २००५ मध्ये त्याने स्पर्धा जिंकली ती प्रेक्षकांच्या मतांवर. येथे मोबाइलवरील लघुसंदेश हा नवा परीक्षक अवतरला. सुराची पारख आता गावाच्या, प्रांताच्या, भाषेच्या अभिमानाशी जोडली गेली, आणि प्रत्येक संदेशाचे पैसे कोणाच्या तरी खिशात जमा होऊ लागले.

मराठी वाहिनीवर त्याच २००४ च्या सप्टेंबरात 'होम मिनिस्टर' सुरू झाले. आदेश बांदेकर 'भावोजी' म्हणून घरात शिरत, 'वहिनीं'शी गप्पा मारीत, खेळ घेत आणि शेवटी पैठणी देत. चाळीतली दहा बाय बाराची खोली, फडताळावरची स्टीलची भांडी, दारात जमलेले शेजारी, हे सारे आजवर पडद्यावर कोणी दाखविले नव्हते. आजच्या दृष्टीने पाहू जाता त्यात खटकणारे आहेच. बाईचे सारे मोठेपण तिच्या संसाराच्या चौकटीतून मोजलेले, खेळाचा साचा नवराबायकोच्या जोडीवर बेतलेला. जिचा नवरा नाही, किंवा जिने लग्नच केले नाही, तिने त्या खेळाकडे कोणत्या डोळ्यांनी पाहिले असेल? एवढे असूनही आमचा कौल या कार्यक्रमाच्या बाजूने पडतो. ज्या बाईला घरात कोणी 'तुला काय वाटते' असे विचारीत नव्हते, तिला अर्धा तास सारे घर ऐकत बसले. हा कार्यक्रम २०२२ पर्यंत चालला. अखेरच्या वर्षी त्याच्याच 'महामिनिस्टर' या मोठ्या स्पर्धेत अकरा लाखांची पैठणी ठेवली गेली, तेव्हा मात्र त्या दहा बाय बाराच्या खोलीशी या खेळाचे नाते सुटत चालले होते असे वाटते.

मुलांचा प्रश्न याहून नाजूक. २००८-०९ मधील मराठी 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स' ज्या घरात पाहिले गेले नाही असे घर विरळा. कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन, प्रथमेश लघाटे, रोहित राऊत ही पाच मुले फेब्रुवारी २००९ च्या अंतिम फेरीपर्यंत महाराष्ट्राची लेकरे झाली. आज ते भाग पाहिले तरी त्यांतली माया खोटी वाटत नाही. परंतु इतक्या लहान मुलांना रात्री उशिरापर्यंत दिव्यांच्या झोतात उभे करणे, त्यांच्या मतांची मोजदाद लाखो लोकांसमोर करणे, बाद झालेल्या मुलाच्या तोंडावर कॅमेरा रोखून धरणे या गोष्टी तेव्हा कोणास फारशा खुपल्या नाहीत. २००८ मध्येच कोलकात्यातील एका किशोरवयीन मुलीला परीक्षकांच्या बोलण्यानंतर वाचा व हालचाल गमावून रुग्णालयात राहावे लागल्याची बातमी देशभर गाजली. त्यानंतर राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने मार्गदर्शक सूचना तयार केल्या. जून २०१९ मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने लहान मुलांना प्रौढांच्या चित्रपटांतील अश्लील हावभाव नाचात करावयास लावू नये, अशी सूचना वाहिन्यांना दिली. अशी सूचना द्यावी लागली, यावरून मधल्या काळात काय चालले होते ते कळते. आमच्या पाच मुलांचे मात्र भले झाले. २०२१ मध्ये तीच पाच जणे नव्या मुलांचे परीक्षक म्हणून त्याच मंचावर बसली. आणि मुग्धा व प्रथमेश यांचा २०२३ च्या अखेरीस विवाह झाला, तेव्हा ज्यांनी त्यांना परकर-झब्ब्यात पाहिले होते त्या आज्यांना घरचेच कार्य असल्यासारखे वाटले.

आता त्या घराकडे वळू, ज्याची भिंतच नाही. १९७३ मध्ये अमेरिकेत एका खऱ्या कुटुंबाचे सात महिने चित्रण करून बारा भाग दाखविण्यात आले, आणि त्यात पत्नीने पतीला घर सोडावयास सांगितले तेही देशाने पाहिले. १९९९ मध्ये हॉलंडात 'बिग ब्रदर' आला. नाव घेतले ते जॉर्ज ऑर्वेलच्या कादंबरीतून. तेथे ते भीतीचे नाव होते, येथे करमणुकीचे झाले. भारतात 'बिग बॉस' ३ नोव्हेंबर २००६ रोजी सुरू झाला, तो आमच्या लोणावळ्यातील घरात. २०१८ पासून त्याची मराठी आवृत्तीही आली. दुसऱ्या वर्षी, २०१९ मध्ये, अमरावतीचा शिव ठाकरे ती जिंकला.

या घरात एक खोली असते व तिला 'कन्फेशन रूम' म्हणतात. धर्मगुरू म्हणून आम्हांस त्या शब्दापाशी थांबणे भाग आहे. गोव्याकडे ज्याला कुमसार म्हणतात ते पापनिवेदन आणि ही खोली यांत एक साम्य आहे: माणूस एकटा जातो व मनातले बोलतो. बाकी सारे उलटे. पापनिवेदनात ऐकणाऱ्याच्या ओठांवर चर्चच्या कायद्याने मोहोर आहे. प्राण गेला तरी ती फोडता येत नाही. या खोलीत माणसाला बोलते केले जाते तेच मुळी सर्वांना ऐकविण्यासाठी. आणि तेथे क्षमा देणारा कोणी नसतो.

याच खोलीत ऑगस्ट २००८ मध्ये जेड गुडी या ब्रिटिश बाईला आपणांस कर्करोग झाल्याचे कळले. सुमारे दीड वर्षापूर्वी, जानेवारी २००७ मध्ये, ब्रिटनमधील 'सेलिब्रिटी बिग ब्रदर'मध्ये तिने शिल्पा शेट्टीचा वंशद्वेषी शब्दांत पाणउतारा केला होता. ब्रिटनच्या नियामक संस्थेकडे चाळीस हजारांहून अधिक तक्रारी गेल्या होत्या. त्यानंतर तीच शिल्पा भारतातील कार्यक्रमाची सूत्रधार झाली आणि तीच जेड पाहुणी म्हणून आली. अपमानाचाही असा व्यवहार होतो. दोन दिवसांत ती मायदेशी परतली आणि २२ मार्च २००९ रोजी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, मरण पावली. तिच्या चुकीबद्दल तिला बोल लावणारे पुष्कळ होते. मरणाची बातमी ऐकताना माणसाला चार भिंती मिळाव्यात, एवढे मात्र कोणाही माणसाचे हक्काचे असते.

त्याच वर्षी जुलैत 'सच का सामना' आला. सत्यशोधक यंत्राच्या आधारे, नवरा, मुले, आईवडील समोर बसवून माणसाला त्याच्या शय्यागृहातले प्रश्न विचारावयाचे आणि खऱ्या उत्तराला पैसे द्यावयाचे. संसदेत गदारोळ झाला. दिल्ली उच्च न्यायालयाने मात्र बंदी घालण्यास नकार दिला. त्या वेळी तेथे मुख्य न्यायमूर्ती होते मूळचे सोलापूरचे अजित प्रकाश शहा. पुढे २०११ मध्ये वाहिन्यांनी स्वतःहून तक्रार निवारण परिषद नेमली तेव्हा तिचे पहिले अध्यक्षही तेच झाले. आम्हांस हा क्रम योग्य वाटतो: आधी बंदीला नकार, मग तक्रारीला कान. पण त्या दोहोंच्या मधल्या वर्षांत, २०१० मध्ये, एका कार्यक्रमात भर पडद्यावर पौरुषावरून हिणविला गेलेला झाशीकडचा एक गरीब तरुण दगावला, आणि त्याच्या घरच्यांनी त्या अपमानालाच दोष दिला. सरकारने त्या कार्यक्रमाला रात्री अकरानंतरची वेळ ठरवून दिली. कागदावर त्या तरुणाची संमती होतीच. सही करताना माणसाला पैसे, प्रसिद्धी, न्याय यांपैकी काहीतरी दिसत असते. आपल्या अब्रूची किंमत तेथे लिहिलेली नसते.

तेव्हापासून कानाला खडा लावला गेला हे मान्य केले पाहिजे. ब्रिटनमध्ये २०२१ पासून सहभागी माणसांच्या मनःस्वास्थ्याची काळजी घेणे वाहिन्यांना बंधनकारक झाले. आमच्याकडेही बेसूर गाणाऱ्याची उघड टवाळी आता कमी दिसते. तिची जागा दारिद्र्याच्या कहाणीने घेतली आहे. गाण्याआधी झोपडी दाखविल्यावाचून गाणे सुरू होत नाही. हसणे थांबले, हुंदके सुरू झाले. माणूस अजूनही त्याच्या गाण्यापेक्षा स्वस्तच. शिवाय टवाळी संपली असे तरी कसे म्हणावे? ती आता हातातल्या मोबाइलवर गेली. बारामती तालुक्यातील मोढवे गावचा सूरज चव्हाण अशाच छोट्या चित्रफितींमधून लोकांच्या हसण्याचा विषय झाला होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये तोच मराठी 'बिग बॉस'चा विजेता ठरला. उपविजेता होता अभिजित सावंत, वीस वर्षांपूर्वी सुरू झालेल्या त्या पहिल्या स्पर्धेचा मानकरी.

एक कार्यक्रम मात्र या पंगतीत वेगळा बसतो, आणि तो आमच्या जिल्ह्याच्या अगदी जवळचा आहे. पाणी फाउंडेशनने २०१६ ते २०१९ या चार वर्षांत गावागावांची 'वॉटर कप' स्पर्धा घेतली. उन्हाळ्यातले पंचेचाळीस दिवस श्रमदान, चर खणणे, बांध घालणे. आणि 'तुफान आलंया' या कार्यक्रमातून त्याचे दर्शन. काही जाणकारांनी त्यातील तंत्रावर आक्षेप घेतले, ते दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. तरीही पडद्यावर दिसत होता तो पुन्हा तोच अवघडलेला शेतकरी, या वेळी हातात टिकाव घेतलेला. २०१८ मध्ये पंचाहत्तर तालुक्यांतील गावांतून साताऱ्याच्या माण तालुक्यातील टाकेवाडी पहिली आली आणि दुसऱ्या क्रमांकात आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील, मोताळा तालुक्याचे सिंदखेड होते. बक्षीस न मिळालेली गावे शेकडो होती. जूनच्या पावसात त्यांनी खणलेले चरही भरले.