नक्षी कुठून आली? हॅरिएट पॉवर्सच्या गोधड्या आणि साधनांचा प्रश्न

"सामान्य माणसांवर काम करायचंय, पण कागदपत्रंच नाहीत." विषय ठरवताना हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. अडचण खरी आहे. पण कागद नसले की आपण आणखी एक गोष्ट नकळत करतो. त्या माणसाने काही विचार करून निवड केली असेल, हेच आपण विसरतो आणि 'परंपरेने आलं' असं लिहून मोकळे होतो. ही सवय किती महागात पडते, ते एका गोधडीवरून बघू.

हॅरिएट पॉवर्सचा जन्म १८३७ मध्ये अमेरिकेत, जॉर्जियातल्या अथेन्स गावाजवळ, गुलामगिरीत झाला. यादवी युद्धानंतर ती मुक्त झाली. १८८६ मध्ये अथेन्सच्या कापूस मेळ्यात तिने एक गोधडी मांडली. तीत ११ चौकटी होत्या आणि त्यांत बायबलमधल्या कथा कापडाच्या आकृत्या कापून, टाचून उभ्या केल्या होत्या. जेनी स्मिथ या चित्रकला शिक्षिकेने ती विकत मागितली. पॉवर्सने साफ नकार दिला. पुढे दिवस फिरले आणि १८९१ च्या सुमारास तिने ती विकायला काढली. मागितले १० डॉलर, मिळाले ५. आज ती गोधडी स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. तिची दुसरी, १५ चौकटींची गोधडी बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे.

आता प्रश्न असा: नवी गोधडी घालायला बसताना या बाईने नक्षी कुठून घेतली?

पहिलं साधन म्हणजे वस्तू स्वतः. कापलेल्या आकृत्या जोडण्याची तिची पद्धत पश्चिम आफ्रिकेतल्या दाहोमे (आजचं बेनिन) इथल्या फोन लोकांच्या कापडकामाशी मिळतीजुळती आहे, हे अभ्यासकांनी दाखवलंय. मोह होतो की लगेच 'आफ्रिकी वारसा' असं लिहावं. थांबा. साम्य म्हणजे पुरावा नव्हे. ते तंत्र तिच्यापर्यंत कुणाकडून, कोणत्या वाटेने पोचलं, हे दाखवावं लागतं. तोवर ते अनुमानच, आणि प्रबंधात ते अनुमान म्हणूनच लिहायचं.

दुसरं साधन म्हणजे चौकटींचे विषय. बोस्टनच्या गोधडीत ईयोब आहे, योना आहे, आणि त्यांच्याच रांगेत आकाशातल्या नि हवामानातल्या घटना आहेत. १९ मे १७८० चा भरदिवसा पडलेला अंधार, १३ नोव्हेंबर १८३३ चा उल्कावर्षाव, १८९५ ची कडाक्याची थंडी. पहिल्या दोन्ही घटना तिच्या जन्माआधीच्या. म्हणजे त्या तिने ऐकल्या किंवा वाचल्या होत्या. आणि बायबलशेजारी त्यांना बसवणं ही काही आयती चालत आलेली नक्षी नाही. देवाचा कोप आणि देवाची दया या एकाच सूत्रात तिने जुनं नि नवं ओवलंय. ही निवड तिची आहे.

तिसरं साधन म्हणजे वर्णनं. पहिल्या गोधडीतल्या चौकटींचे अर्थ पॉवर्सने सांगितले आणि स्मिथबाईंनी लिहून ठेवले. इथे सांगणारी एक, लिहिणारी दुसरी, आणि दोघींमध्ये वर्ण नि वर्ग यांची मोठी दरी. दुसऱ्या गोधडीच्या वर्णनात १० फेब्रुवारी १८९५ चा 'थंड गुरुवार' येतो. कॅलेंडर काढून बघा, त्या तारखेला रविवार होता. अशी विसंगती सापडली की ती गुपचूप दुरुस्त करू नका, टीप देऊन तशीच ठेवा. सांगण्यातून लिहिण्यात जाताना काय बदलतं, हे अशाच जागी दिसतं.

आणि आता चौथं साधन. पॉवर्स निरक्षर होती, बायबल तिला प्रवचनांतून, कानावर पडूनच कळलं, असं बराच काळ लिहिलं जात होतं. ऐकायला पटतंही. पण तिने १८९६ मध्ये आयोवा राज्यातल्या कीओकक गावच्या एका बाईला पाठवलेल्या पत्राची नक्कल पुढे आली. संशोधक कायरा हिक्स यांनी २००९ च्या पुस्तकात ती मांडली. त्यात पॉवर्स सांगते की ती वाचायला शिकली होती आणि बायबलच्या कथा तिने स्वतः अभ्यासल्या होत्या. शिवाय ख्रिस्ताच्या शेवटच्या भोजनावरच्या, २,५०० शंकरपाळी तुकड्यांच्या आणखी एका गोधडीचा उल्लेखही त्यात आहे.

एका पत्राने काय बदललं, ते नीट बघा. गोधड्या त्याच, टाके तेच. पण 'ऐकलेलं शिवणारी बाई' जाऊन तिथे वाचून, निवडून, मांडणी करणारी कलावंत आली. आधीच्या चित्रात उणीव पुराव्याची होती, आणि ती गृहीतकाने भरून काढली होती.

तुम्हाला आपल्याकडच्या गोधडीवर, वाकळीवर काम करायचं असेल तर पुढचे प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. कोणतं लुगडं कुठे लावायचं हे कुणी ठरवलं? अस्तराला काय घेतलं आणि दर्शनी बाजूला काय? शिवणारणीने आधी काय पाहिलं होतं, ऐकलं होतं, वाचलं होतं? तिने काय टाळलं? आणि तिचं म्हणणं टिपून घेताना तुमचे शब्द कुठे मिसळले? शिवणारी आजी अजून बोलायला आहे, तर आधी तिच्याकडे जा. ग्रंथालय नंतरही उघडं असेल.